चारशेवी सायकल

एटेल्का नेनी, म्हणजे आमची एटेल्का मावशी, तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटायची. गावातली दारं, कुत्री आणि भांडणं तिला तोंडपाठ. तिची मुलगी व्हिल्मा दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल चालवताना ट्रकखाली गेली. त्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आली ती नंतर, तीही नेनीने नगरपालिकेचे उंबरे झिजवले म्हणून. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच कोपऱ्यावर आहे, त्यामुळे मी सगळं पाहिलंय.

यंदा ती पट्टी उखडून गाड्यांना जागा द्यायचं घाटत होतं. नगरसेवक बोडोर म्हणाला, तिथून सायकली जातात तरी किती? नेनी भडकली आणि सभेत उठून उभी राहिली. शेवटी ठरलं की पट्टीवर मोजणीचं यंत्र बसवायचं. एका दिवसात, संध्याकाळी पाचपर्यंत चारशे सायकली गेल्या तर पट्टी राहील. मोजणीला हजर असणाऱ्यांनी स्वतः सायकल फिरवून आकडा वाढवायचा नाही.

दिवस बोडोरने निवडला, एक नोव्हेंबर. सुट्टी, दुकानं बंद, रस्ते ओस. त्या दिवशी अख्खं गाव याच रस्त्याने दफनभूमीत आपल्या मेलेल्यांना भेटायला जातं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःची आई कुठे पुरली आहे तेही विसरला असावा.

सकाळपासून म्हाताऱ्या हँडलला शेवंतीच्या जुड्या बांधून निघाल्या. आकडा भराभर चढला. दुपारनंतर मात्र नदीवरून धुकं आलं आणि वर्दळ आटली. पावणेपाचला यंत्रावर तीनशे नव्व्याण्णव होते. पट्टीच्या मधोमध आम्ही तिघं उभे होतो, नेनी, बोडोर आणि मी. दफनभूमीतल्या मेणबत्त्यांचा लाल उजेड धुक्यातून दिसत होता. दहा मिनिटं कोणीच आलं नाही. मला रडू येईल असं वाटायला लागलं.

तेवढ्यात यंत्र टिकटिकलं. चारशे.

रस्ता रिकामा होता. चाकाचा आवाज नाही, घंटी नाही. फक्त माझ्या कानाजवळून गार वारा गेला.

बोडोर म्हणाला, यंत्र बिघडलंय, तीनशे नव्व्याण्णवच लिहायचे. मग त्याने नेनीला विचारलं, "तुम्हीच सांगा नेनी, कोणी गेलं?"

हो म्हण, मी मनात म्हणत होतो. एवढं एकदा खोटं बोल.

"मला कोणी दिसलं नाही," नेनी म्हणाली. तिचा असा राग आला की काय सांगू. बोडोरने पेन काढलं.

नेनी खाली बघत होती. "बोडोर," ती हळूच म्हणाली, "आपण पट्टीच्या मधोमध उभे होतो ना रे?"

आम्ही पायांकडे पाहिलं. तिघंही पट्टी सोडून फुटपाथवर चढलो होतो. कधी चढलो ते मला आजही आठवत नाही.

"मी का सरकले मला माहीत आहे," नेनी म्हणाली. "तू कोणाला वाट दिलीस?"

बोडोरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कागदावर चारशे लिहिले, सही केली आणि पट्टीवर पाय न ठेवता लांबचा वळसा घेऊन घरी गेला. नेनी कठड्यावर बसली आणि तोंडावर पदर घेतल्यासारखी शाल ओढून रडली.

"तेव्हा कोणीच बाजूला झालं नव्हतं," ती म्हणाली.