सातव्या नंबरचा सिनेमा

चंद्रपूरच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो. दरवर्षी नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे सही करून सांगावं लागतं. माझ्यापुढे दोनच माणसं उरली होती, तेवढ्यात विनोदचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "रांगेत आहे रे, पाच मिनिटांनी करतो." फोन खिशात ठेवला आणि मग ते शब्द डोक्यात शिरले... विनोद म्हणजे पुंडलिकभाऊंचा मुलगा. सकाळी तलावावर जाळं धुताना भाऊंच्या छातीत कळ आली, ते पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसले आणि बसल्या जागीच संपले. मी रांग सोडली आणि चामोर्शीची बस धरली. दाखला पुढच्या आठवड्यात दिला. सही वाकडी आली, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बाबा, मागच्या वर्षीसारखी करा, नाहीतर जुळणार नाही."

याच पुरवणीत आठ महिन्यांपूर्वी माझा एक लेख आला होता. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर आणायचं, अशा एका लेखक-दिग्दर्शक जोडीच्या सातही सिनेमांना मी पहिला ते सातवा असे नंबर लावले होते. वाचकांची पत्रं आली, फोन आले. एका प्राध्यापकांनी तर 'अशी नजर दुर्मीळ असते' असं कळवलं. ती नजर माझी नव्हती. हे मला तेव्हाच छापायला हवं होतं. आता छापतो आहे, तर ज्याची नजर होती तो वाचायला नाही. तसा तो वाचणारा नव्हताच, नात वाचून दाखवायची त्याला.

मी मूळचा चिमूरचा. चामोर्शी तालुक्यात तलावाच्या पाळीला चिकटून असलेल्या एका गावात बावीस वर्षं शाळामास्तर होतो. पुंडलिकभाऊ तिथले ढिवर. तलावाची मासेमारी, चार बांध्यांचं धानाचं शेत आणि उन्हाळ्यात मिळेल ती मजुरी, यावर त्यांचं घर चालायचं. चौथीनंतर शाळा सुटलेली. बायको चंद्रपूरला, मी शाळेजवळच्या खोलीत एकटा राहायचो. पहिल्या दिवाळीला टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र घेतलं, तेव्हा गावातली निम्मी माणसं खिडकीतून डोकावून गेली आणि मारामारीचे सिनेमे नाहीत म्हणून परत फिरली. पुंडलिकभाऊ तेवढे आत आले. दाराशी चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले आणि विहिरीची गोष्ट असलेला तो सिनेमा शेवटपर्यंत पाहून म्हणाले, "मास्तर, याच लोकायचा आणखी आहे का एखादा?" तेव्हापासून रविवारची दुपार आमची ठरली.

सिनेमांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. विहिरीचा, पुलाचा, दोन सुनांचा, वकिलाचा, घड्याळवाल्याचा, लग्नाचा आणि जेवणाचा, अशी त्यांची सात नावं. मीही इथे तीच वापरतो. पाहताना ते अवाक्षर बोलत नसत. संपल्यावर चहा व्हायचा आणि मग एखादंच वाक्य यायचं, पण असं की मला आठवडाभर पुरायचं. पुलाच्या सिनेमाची सगळे स्तुती करतात. त्यातला म्हातारा नावाडी काठावर बसून तासन् तास नदीकडे पाहतो, ते मला फार काव्यमय वाटायचं. भाऊ म्हणाले, "हा माणूस पाण्यावरचा नाई जी. पाण्यावरचा माणूस पाण्याकडे पाहात नाई, आभाळाकडे पाहाते." दोन सुनांच्या सिनेमाबद्दल म्हणाले, "एकमेकीसंगं बोलतच नाईत, पण पाटावरवंट्याचा आवाज आयका तुमी. सारं त्यातच सांगून राह्यल्या." आणि त्या जोडीबद्दल एकदा म्हणाले, "एकाले माणसं समजतात, दुसऱ्याले जागा समजते. एकेकटे असते तर दोघंही फसले असते." माझ्या लेखातली ही तिन्ही वाक्यं ज्यांनी पेनाने अधोरेखित केली असतील, त्यांनी ती पुंडलिकभाऊंच्या नावावर करावीत.

नंबर लावायचा सोस मात्र माझा. मास्तरकीचा रोग, दुसरं काय. पहिला कोण, दुसरा कोण, शेवटचा कोण. भाऊंना ते पटायचं नाही. तलावावर जाळं ओढलं की सगळ्या मासळीचे घरागणिक वाटे पडतात. प्रत्येक वाट्यात एखादा मोठा रोहू, दोन मध्यम, बाकी बारीक, म्हणजे कोणाचाच वाटा हलका नाही. मग एक माणूस पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवतो आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. भांडण नाही, कटकट नाही. "सिनेमाचेही वाटेच करा, मास्तर," ते म्हणायचे. "नंबर काऊन लावता? नंबर लावला की मासा सडते." मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी माझ्या सीड्या उचलून फरशीवर तीन वाटे घातले, दोन-दोन सिनेमांचे. जेवणाचा सिनेमा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि बाजूला, भिंतीकडे ठेवला. "हा वाट्यात नाई टाकाचा."

मला आनंदच झाला. माझंही तेच मत होतं की हो... त्या सिनेमात एक माणूस धाकट्या भावाला जाळून घरी येतो, शेजाऱ्यांनी झाकून ठेवलेलं ताट उघडतो आणि जेवतो. भात कालवतो, कांदा फोडतो, पुन्हा भात घेतो. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, डोळ्यात पाणीही नाही. मला वाटलं, जोडी दमली असावी, लिहिणाऱ्याला काही सुचलं नसावं. तलावावर मी नेहमी वाटे पडल्यावर पोचायचो, शाळा सुटल्यावर. बाजूला काढलेली मासळी मी तिथे पाहिली होती ती पोट फुटलेली, कावळ्यांना टाकायची. तेवढ्या ज्ञानावर मी ठरवून मोकळा झालो की भाऊंनीही तो सिनेमा सडका म्हणून काढून टाकला. विचारलं नाही. बावीस वर्षं मुलांना 'शंका असेल तर विचारा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने एक शंका विचारली नाही.

तर लेखात जेवणाचा सिनेमा सातवा. शिवाय एक चुरचुरीत वाक्यही टाकलं की, 'या चित्रपटात एक माणूस जेवतो, एवढंच घडतं. प्रेक्षक मात्र उपाशी उठतो.' फार खूश होतो मी त्या वाक्यावर. बायकोलाही दोनदा वाचून दाखवलं.

एप्रिलमध्ये मी गावी गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो. भाऊ ओसरीवर जाळं विणत होते. चहा आला. मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, लेख वाचलात का? "नातीनं वाचून दाखवला जी. चांगला लिवला." मग जाळ्याची आणखी एक गाठ मारली. "पुलाचा पहिला लावला तुमी?" मी म्हटलं, लोकांना तोच आवडतो, भाऊ. "हो. लोकायले आवडते." दोरा ओढून घेतला. "अन् सातवा कोनं ठरवला?" मी म्हटलं, "आपणच की. तुम्हीच तर बाजूला काढला होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. हातातलं जाळं गुंडाळून ठेवलं. "ऊन वाढून राह्यलं, मास्तर. बस धरा." मी बसमध्ये बसून ठरवलं की म्हातारा रुसला, लेखात नाव नाही म्हणून. मनात म्हटलं, पुढच्या लेखात घालू एखाद्या ओळीत. जून गेला, पावसाळा गेला. मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. ती आमची शेवटची भेट.

तेरवी झाल्यावर दहा-बारा दिवसांनी विनोदने बोलावलं. धान कापून झालं होतं, तलावावर जाळं पडणार होतं. "बाबायच्या नंतरचं पयलं जाळं आहे, काका, या तुमी." या वेळी शाळा नव्हती, मी सकाळपासून पाळीवर होतो. मासळी ढिगाने आली. वाटे घालायच्या आधी तिथल्या एका वयस्क माणसाने ढिगातला सगळ्यात मोठा रोहू उचलला, त्याच्यासोबत दोन चांगले कतले मासे घेतले आणि बाजूला पळसाच्या पानावर ठेवले. मी विनोदला विचारलं, "खराब आहेत का ते?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "खराब काऊन असन, काका? ज्या घरी मरण झालं त्याचा पयले निघते. चांगल्यातला चांगला. मंग बाकीच्यायचे वाटे. तो वाट्यात नाई टाकत, त्याले नाव नाई पुकारत. यंदा आमच्या घरचा आहे."

मी पाळीवर खाली बसलो. लोकांना वाटलं चक्कर आली. कोणीतरी पाणी आणून दिलं.

ती मासळी मीच घरी घेऊन गेलो, विनोदचं काम संपायचं होतं. शांताबाई, भाऊंची बायको, चुलीपाशी होत्या. मी पिशवी ठेवली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं सांगून टाकलं, की लेखातलं बोलणं भाऊंचं होतं, नाव माझं लावलं, आणि तो सिनेमा मी शेवटचा लावला. त्या विळीवर मासा कापत राहिल्या. म्हणाल्या, "नावाचं त्यायले काई वाटलं नाई. तीनदा वाचाले लावलं पोरीले. म्हणत, पाह्य, माहा बोल पेपरात आला. पण त्या जेवणाच्या सिनेमाचं वाचलं, अन् त्या दिशी जेवले नाईत."

मग त्यांनी ते सांगितलं, जे बावीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. त्यांची मंगला चौदा वर्षांची होऊन सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेली, मी गावात येण्याच्या कितीतरी आधी. एक मुलगी गेली होती, एवढंच मला माहीत होतं. तिला जाळून भाऊ घरी आले, शेजारणीने भात आणला होता, आणि भाऊ जेवले. पोटभर जेवले. दोन दिवस दवाखान्यात पाण्याच्या घोटावर काढले होते त्यांनी. भात संपला तर आणखी मागितला. सगळ्यांसमोर त्यांची आई म्हणाली, 'पोरगी तिकडे जळून राह्यली अन् हा भात मागते.' "मलेही तसंच वाटलं, मास्तर," शांताबाई म्हणाल्या. "या माणसाले काळीज नाई, असं वाटलं. बोलली नाई मी. पण त्या दिसापासून ताटात एकदा वाढाची, पुन्हा नाई इचाराची. त्यायनंही कदी मागलं नाई. अकरा वर्सं, तो सिनेमा पाहेपर्यंत."

आणि मग मला आठवलं. एका रविवारी भाऊ शांताबाईंना घेऊन आले होते माझ्या खोलीवर, त्या एकदाच आल्या. भाऊंनी स्वतः सांगून जेवणाचा सिनेमा लावायला लावला. बाई दाराशी बसल्या. तो माणूस पुन्हा भात घेतो, तिथे त्या पदर सावरत उठल्या आणि निघून गेल्या. मी भाऊंना हसून म्हणालो होतो, "बाईंना कंटाळा आला, त्यांचंही बरोबरच आहे, या सिनेमात आहे काय?" सीडी काढून, पुसून, खोक्यात घातली होती भाऊंनी.

"घरी येऊन लय रडली मी," शांताबाई म्हणाल्या. "कोनीतरी सिनेमावाला दूर कुठी बसला अन् त्याले समजलं, की दुख असलं तरी भूक लागते. मले संगं राहून नाई समजलं."

वाचकहो, यादी दुरुस्त करून घ्या. जेवणाचा सिनेमा सातवा नाही. पहिलाही नाही. तो वाट्यात घालायचा नाही. बाकीच्या सहांचे नंबर तुम्ही काय हवे ते लावा, मला आता त्यात रस उरला नाही. एवढी साधी गोष्ट भाऊंनी एप्रिलमध्ये मला सांगितली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते... पण कोणत्या तोंडाने सांगणार? ज्या घासाची त्यांना अकरा वर्षं लाज वाटली, त्या घासावर मी छापून विनोद केला होता.

दुपार झाली होती. शांताबाईंनी भात आणि रश्शाचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मला जेवायचं नव्हतं, खरं म्हणजे जेवायची लाज वाटत होती. पण सकाळपासून पाळीवर होतो आणि पोटात आग पडली होती. मी जेवलो. खाली मान घालून जेवलो. ताटातला भात संपला तेव्हा हात आवरता घेतला. शांताबाई पातेलं घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आणखी घ्या, मास्तर," त्या म्हणाल्या.

मी ताट पुढे केलं.