सोललेले सेल

रोज फोडणीपुरत्या दोन पाकळ्या लसूण सोलणारी बाई आळशी आणि रविवारी मांडी ठोकून आठवड्याचा लसूण एकदम सोलून डब्यात भरणारी बाई कामसू, असा माझ्या सासूबाईंचा, कुमुदिनीबाईंचा, ठाम सिद्धांत आहे. कोथिंबीर, खोबरं, चिंचेचा कोळ, सगळ्याला तोच नियम. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या लेखी आळशीच. तरी आमचं बरं चालत होतं, कारण त्या सांगलीला आणि मी परदेशात, आइंडहोव्हनला.

२०२०च्या जानेवारीत सासूबाई, म्हणजे आई, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आणि अडकल्या. आधी विमानं बंद झाली. पुढे थोडीफार सुरू झाली, तर आमचे डॉक्टर म्हणाले, वय बहात्तर, त्यात मधुमेह, इतक्यात प्रवास नको. तिकडे सांगलीला बाबा, म्हणजे माझे सासरे, एकटे. बाबांनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं, तेही इतक्या हळू आवाजात की शेवटच्या बाकावरची मुलं आपण होऊन पुढे येऊन बसायची. आमचं लग्न ठरवायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी तीनदा "काय म्हणालात?" विचारलं आणि मग लाजून नुसतीच मान हलवली. आपण नेमकं कशाला हो म्हणालो, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

आणि अशा माणसाची बायको कानाने अधू. आईंचा डावा कान लहानपणीच गेला, उजवा यंत्रावर चालतो. तरी बाबांचं बोलणं जगात कोणाला धड ऐकू येत असेल तर ते आईंनाच. रोज आमच्या दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे तिकडच्या संध्याकाळच्या चहाला, बाबांचा फोन यायचा. आई फोन घेऊन वरच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. खाली यायच्या तेव्हा चेहरा नुसता फुललेला. माझ्या नवऱ्याने, यतीनने, एकदा न राहवून विचारलं, "काय म्हणतायत बाबा?"

"दुधी आणला म्हणे," आई म्हणाल्या.

ऑक्टोबरात आम्ही दोघी बसने घरी येत होतो. खाली उतरताक्षणी आईंनी मास्क ओढून काढला. मास्कचं इलॅस्टिक आणि कानामागचं यंत्र एकाच कानावर कसेबसे नांदत होते. इलॅस्टिकबरोबर यंत्रही उडालं ते थेट सायकलींच्या रस्त्यावर, आणि मी वाकेपर्यंत एक सायकल त्यावरून गेली. यंत्र वाचलं. पण त्यातून कानात जाते ती बारीक वायर, जिच्या टोकाला मुगाएवढा स्पीकर असतो, ती पार मुडपली. त्यानंतर आवाज यायचा तो वायर एका ठरावीक कोनात बोटाने दाबून धरली तरच.

"नुसती वायर तर बदलायची," यतीन म्हणाला. मलाही तसंच वाटलं. गावातल्या कानाच्या यंत्रांच्या दुकानात काचेपलीकडच्या बाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि समजावून सांगितलं की हे मॉडेल भारतात घेतलेलं आहे, त्याचे सुटे भाग आमच्याकडे येत नाहीत. बाहेरून मागवा, पण बघून मागवा. कंपनी तीच हवी. कान कुठला ते हवं, उजव्याला लाल खूण आणि डाव्याला निळी. लांबी जुळायला हवी, नाहीतर आखूड वायर कानातून निसटते आणि लांब वायर बाहेर लोंबते. स्पीकरची ताकद यंत्राला पेलेल अशीच हवी, आणि टोकाची रबरी टोपी कानाच्या भोकाला बसेल एवढी. माझं लग्न जमवताना कोणी इतकं बघितलं नव्हतं.

यतीन चिप बनवणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. केसाहून बारीक मापं घेणं हा त्याचा रोजचा धंदा. वायरवरची लाल खूण झिजून गेली होती, पण त्याने त्याची फिकीर केली नाही. आईंना टेबलापाशी समोर बसवलं, भिंगाने आकडे वाचले, लांबी मोजली आणि वायर मागवली. पाकीट आलं, उघडलं, तर आत निळी खूण. समोर बसलेल्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो, एवढं साहेब विसरले होते.

"अरे, आईचा कान तो!" मी म्हणाले. "जन्मभर त्याच कानाशी भोकाड पसरलंस ना?"

"प्रोसेस एरर आहे, हिमानी. रीऑर्डर करतो."

पुन्हा वाट बघणं आलं. या दिवसांत आई घरात अगदी मुक्या होऊन गेल्या. यंत्र काढून डबीत ठेवलेलं असायचं. मी "आई, चहा?" म्हणून ओरडले तरी मान वर होत नसे. नुकतंच आमटीत गूळ घालण्यावरून आमचं वाजलं होतं, त्यामुळे मी धरून चालले की बाईसाहेब रुसल्या. मग मीही गाल फुगवले. एका दुपारी माझी मीटिंग रद्द झाली म्हणून त्यांचा चहा घेऊन वर गेले, तर फोनची वेळ होत आली होती. आईंनी डबीतून यंत्र काढलं, पदराने पुसलं, कानाला लावलं, बोटाने वायर दाबून धरली आणि फोनकडे बघत बसल्या. रोज दिवसभर वाकून ती वायर तुटली तर? म्हणून त्या दिवसभर बहिऱ्या राहत होत्या आणि वायर बाबांपुरती राखत होत्या. माझा रुसवा तिथेच विरघळला. मला त्यांची इतकी माया आली की संध्याकाळी मी निमूट आमटीत गूळ घातला.

आणि पुढच्या आठवड्यात एका दुपारी फोन झाल्यावर आई खाली आल्याच नाहीत. वर जाऊन बघते तर पलंगावर बॅग उघडलेली, आणि आई साड्यांच्या घड्या रचतायत.

"यांचा आवाज खोल खोल चाललाय गं," त्या म्हणाल्या. "आधी नीट यायचा. मग बारीक झाला. आज तर नुसती कुजबुज. हे आजारी आहेत आणि लपवतायत. मला पाठवून द्या."

"आई, वायर खराब आहे!" त्यांच्या कानावरची वायर दाबून धरत मी ओरडले.

"वायर मी धरली होती. तिला मी आता ओळखते."

मी लगेच बाबांना फोन लावला. त्यांचा घसा खरोखरच बसला होता. "काही नाही, जरा घसा धरलाय," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्या वर्षी घसा धरला म्हणजे मनात काय यायचं, ते सांगायला नको. शेजारच्या श्रीकांतकाकांना बघायला पाठवलं, तर बाबांनी दारच उघडलं नाही. आतूनच घोगऱ्या आवाजात "बरा आहे" म्हणाले. हे ऐकल्यावर यतीन तिकिटं बघायला बसला. डॉक्टर अजूनही नको म्हणत होते, आणि आई हटून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खुणेची वायर आली. यतीनने ती बसवली, आईंनी यंत्र कानाला लावलं. आम्ही दोघं एकदम बोललो. आई आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या. आता कुजबुजसुद्धा येत नव्हती.

"तिकीट काढ," आई यतीनला म्हणाल्या.

मी मास्क चढवला आणि यंत्र घेऊन सायकलवर बसले. यंत्राबरोबर सगळं न्यावं लागतं म्हणून आईंनी त्यांचा सेलचा स्टीलचा डबाही माझ्या पिशवीत कोंबला. दुकानातल्या बाईंनी वायर तपासली आणि अंगठा वर केला. मग यंत्रातला सेल काढून मापकात धरला. काटा जागचा हलला नाही.

"दुसरा आहे?"

मी डबा उघडला. आत सांगलीहून आणलेले सगळे सेल, एकजात उघडे, चकचकीत. बाई बघतच राहिल्या. "यांची स्टिकर कुठे गेली?"

त्या सेलवर म्हणे एक तपकिरी स्टिकर असतं. ते काढलं की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा किंवा वापरू नका, थोड्या आठवड्यांत संपतो. म्हणून स्टिकर सेल घालायच्या वेळीच काढायचं. यापुढे मला कोणी काही सांगायची गरज नव्हती, कारण डब्याला लसणाचा वास येत होता. अलीकडच्या कुठल्याशा रविवारी कामसू बाईंनी लसणाबरोबर सगळे सेलही सोलून ठेवले होते. ते डब्यात बसल्या बसल्या एकत्रच मरत होते, आणि आईंना वाटत होतं बाबांचा आवाज जातोय.

पण बसलेला घसा मी माझ्या कानांनी ऐकला होता. तो काही सेलचा नव्हता. नवे सेल घेऊन मी घरी आले ती त्याच घोरात.

सेल घातला आणि आई दचकल्या. "हे काय घुरघुरतंय?"

"फ्रीज, आई."

"आणि तू भांडी केवढी आपटतेस गं!"

एवढ्यात फोन वाजला. आज आई वर गेल्या नाहीत, स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या. आम्ही दोघं शेजारी. त्यांनी फोन कानाला लावला मात्र, आतून घोगरी गर्जना झाली.

"कुमुद! मी बरा आहे! दोडका केला! दोडका!"

आईंनी फोन हातभर लांब धरला. यतीन तर वेड्यासारखा फोनकडे बघत होता. बापाचा मोठा आवाज त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"अहो, ओरडताय कशाला?" आई म्हणाल्या.

"तूच म्हणालीस ना, येत नाही! तेव्हापासून रोज ओरडतोय! घसा गेला माझा! वरचे पिंगळे विचारायला आले, भांडण चाललंय का म्हणून! श्रीकांतला काय सांगणार होतो दारात, बायकोशी दोडका बोलून घसा बसला?"

जन्मभर वर्गातसुद्धा ज्याने आवाज चढवला नाही तो माणूस सांगलीच्या रिकाम्या घरात रोज चहा झाल्यावर उभा राहून ओरडत होता. आईंचे डोळे भरून आले. त्यांनी फोन पुन्हा कानाशी नेला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजात बोला. येतंय मला."

मग बाबा बोलले. आम्ही दोघं हातभर अंतरावर उभे होतो, आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. आई हसल्या, फोन घेऊन जिना चढल्या आणि वर जाऊन दार लावून घेतलं.