झोपेची नोकरी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, बेकरीत भट्टीवर होते. पावाचे ट्रे आत ढकलायचे, बाहेर ओढायचे, यात त्यांची हयात गेली. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना घरी झोप येत नसे. आडवं झालं की आपण कामचुकार आहोत असं वाटून ते उठून बसत. लहानपणी वडिलांनी त्यांना दुसरं काही शिकवलं नसेल, पण "लोळतोस काय, ऊठ" एवढं मात्र पक्कं शिकवलं होतं. एकदा भट्टीपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर लागला होता. पुढच्या वेळी हातावर निभावणार नाही, असं ती म्हणे आणि ते खरंच होतं.

अशात एका गादीच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला माणूस हवा होता. काम काय, तर नव्या गादीवर झोपायचं आणि उठल्यावर पाठ कुठे दुखते ते सांगायचं. मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. दाजी बेकरीतून सुटल्यावर तिथे गेले, बूट काढून नीट जोडून ठेवले, आडवे झाले आणि असे घोरू लागले की मुकादमाने शिलाईची मशिनं बंद करून ऐकलं. इथे झोप ही ड्युटी होती, आणि ड्युटीत कुचराई दाजींच्या रक्तात नव्हती. महिन्याभरात त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. ताई तर मनातल्या मनात त्या कारखान्याची दृष्ट काढत असावी.

बरं, जमलंय तर गप्प बसावं ना माणसानं. पण दाजी पडले सरळमार्गी. बेकरीच्या मालकाला मोठ्या अभिमानाने दुसऱ्या नोकरीची बातमी सांगून आले. मालकाला घाम फुटला. कायदा असा, की दोन्हीकडचे मिळून आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम करता येत नाही, कारण दमलेल्या माणसाच्या हातून अपघात होतात. दाजींचे अठ्ठेचाळीस बेकरीतच भरत. मालकाने घाबरून कामगार कार्यालयात विचारणा केली आणि निरीक्षकसाहेब गादीच्या कारखान्यात येऊन उभे राहिले.

दाजींच्या बाजूने चार शब्द बोलायला मीही गेलो होतो. दाजी गाढ झोपलेले. साहेब खुर्ची ओढून काम कसं चाललंय ते पाहत बसले. दाजी कुशीवर वळले तेव्हा साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. कडेच्या स्प्रिंगा तपासतायत, असं मुकादमाने सांगितलं. शेवटी साहेबांनी दाजींना गदागदा हलवून जागं केलं आणि तुम्हाला विश्रांतीची सक्त गरज आहे, असं बजावलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, तुम्ही इथे काम करता की आराम? आराम म्हणालात तर मी हा निघालो."

मी मागून खुणा करून करून थकलो. मुकादमाने तर चक्क हात जोडले. दाजींनी उठून शर्ट खोचला आणि ताठ मानेने सांगितलं, "साहेब, कामावर असताना मी उभ्या आयुष्यात कधी आराम केलेला नाही."

झालं. संपला विषय. असा राग आला होता मला, की ते ताईचे यजमान नसते तर तिथेच चार शब्द सुनावले असते.

घरी पुन्हा जागरणं सुरू झाली. आठवड्याभरात दाजींचे डोळे तारवटले. तेव्हा ताई मला घेऊन कामगार कार्यालयात गेली आणि त्याच साहेबांना विचारलं, की यांना मीच घरी झोपायच्या कामावर ठेवलं, तर ते तास धरणार का? साहेबांना हसू आवरेना.

"घरातलं काम कायदा मोजत नाही, बाई. कितीही करा."

ताई दिवसभर एका कारखान्यात गणवेश शिवते. त्याआधी आणि त्यानंतर स्वयंपाक, धुणं, भांडी, केर. तिने खात्री करून घेतली.

"कितीही?"

"कितीही. कोण मोजणार?"

ताई तडक घरी आली. घरात शिरताच तिने दाजींना समोर बसवलं आणि नव्या नोकरीच्या अटी सांगितल्या. निम्मा स्वयंपाक, भांडी सगळी, केर रोज, आणि शेवटचं काम झोपायचं. ते झाल्याशिवाय पाळी संपत नाही. ड्युटी म्हटल्यावर दाजी कधी प्रश्न विचारत नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या.

परवा रविवारी दुपारी मी गेलो, तर दार दाजींनीच उघडलं. हाताला साबणाचा फेस, चेहरा टवटवीत. ताई कुठे म्हणून मी जरा मोठ्याने विचारलं, तर त्यांनी मला दंडाला धरून गप्प केलं. आत ताई झोपली होती, तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून. तिला दिवसाउजेडी झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आजारी आहे का, मी विचारलं.

"आजारी नाही," दाजी हळू आवाजात म्हणाले. "तिचे दोन्हीकडचे मिळून अठ्ठेचाळीस तास गुरुवारीच संपले. मी मोजले."