ठकीताईच्या टोपलीतले चार मुद्दे

ठाकरवाडीच्या ठकीताईला बोलायला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. तीस वर्षं कडावच्या बाजारात रानभाजी विकतेय, तिच्या तोंडाला लागायला हवालदारसुद्धा धजत नाही. खोड एकच. पाण्यावर सुरू झाली की जावेच्या बकरीवर जाऊन थांबते.

आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नेमकं पाण्यावरच बोलायचं होतं. ‘वाडीत घरोघरी नळाला पाणी आलं’ असा ठराव यायचा होता; नळ होते, पाणी नव्हतं. तो मंजूर झाला की योजना पूर्ण, फाईल बंद, आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा कायमचा. बोलायला मिनिटं तीन.

मी सातवी नापास, पण मोर्चे काढून एक शिकलोय. मुद्दे काढल्याशिवाय माईकला हात लावायचा नाही. चार मुद्दे कागदावर काढून दिले. तिने कागद उलटा धरला.

“दादा, ह्ये मला कशाला? मला काय वाचता येतं?”

“मग पाठ कर!”

“वरडू नको रं. माझं मी बगते.”

तिने टोपली पुढे ओढली आणि भाज्या लावल्या. सगळ्यात वर कोवळी कुर्डू, म्हणजे शाळा बुडवून पाणी भरणाऱ्या पोरी. तिच्याखाली कडू भारंगी, म्हणजे विहिरीचं पाणी. मग अळू. त्याच्या पानावर थेंब ठरत नाही, तशी आमची गळकी टाकी. तळाला काटेरी कंटोळी, म्हणजे रिसॉर्टचं तारेचं कुंपण. वाडीची पाइपलाइन तिथंच तर वळवलीय! एकेक भाजी काढायची, बोलायचं, बाजूला ठेवायची. टोपली रिकामी, भाषण खलास.

मी माझा कागद मुकाट खिशात घातला. असं मी सहसा करत नाही.

सभेत कुर्डू झाली, भारंगी झाली. अळूला तर टाळ्या पडल्या. बकरी एकदाही आली नाही. मग ठकीताईने टोपलीत हात घातला आणि तसाच ठेवला.

“कंटोळी कुठंय?” मी मागून दात खात विचारलं.

“इकली.”

“काय?”

“आत्ता दारात गिऱ्हाईक आलं, दादा. तीस वर्सांत गिऱ्हाईक परत नाय धाडलं.”

“अगं बये, मुद्दा विकलास? तोही मेन मुद्दा?”

ग्रामसेवकाने घड्याळ दाखवलं. “एक मिनिट राहिलं.”

“तर आमच्या जावेची बकरी…” ठकीताई सुरू झाली. मी कपाळ बडवलं.

ती मध्येच थांबली. सरपंच जागृतीताईंच्या खुर्चीखालच्या पिशवीकडे बोट करून म्हणाली, “सरपंचबाय, माझं भाषान तुमच्या पिशवीत हाय. जरा द्या. बोलून झालं की परत देते.”

सभा फुटली हसून. जागृतीताईही हसल्या, वाटा काढून दिला. ठकीताईने एक कंटोळी वर धरली.

“ह्ये काटं बगा. आमची पाइप ह्या काट्यांत शिरली ती भायेर आलीच नाय. आत मुंबईची मानसं पवतात, भायेर आमी रिकामा हंडा घेऊन बगतो.”

आता कुणी हसेना. जागृतीताईंनी ठरावाचा कागद घडी करून हातात घेतला. “आधी नळ बघू. चला.”

सगळी सभा वाडीवर. ग्रामसेवकाने नळ फिरवला. फुस्स करून हवा आली आणि तिच्यामागून एक वाळका कोळी बाहेर पडला. जागृतीताईंनी तिथंच, भिंतीला कागद टेकवून, ठरावावर काट मारली.

“तात्पुरती तांत्रिक अडचण आहे,” ग्रामसेवक पुटपुटला.

“आसंल,” ठकीताई म्हणाली. “पन सायेब, त्या कोळ्याला तरी घोटभर पानी पाजा. आमच्यापेक्षा जास्त दिस वाट बगतोय.”