मूठभर फुटाणे

आईवडिलांना साखर निघाली ती एकाच दिवशी, बीडच्या एकाच डॉक्टरकडे. डॉक्टरांनी दोघांना शेजारी बसवून सांगितलं, या गोळ्या चालू असताना दोन जेवणांच्या मधे उपाशी राहायचं नाही, साखर एकदम उतरते. मूठभर फुटाणे खा, पेरू खा, ताक प्या. फरसाण बंद. दोघांनी माना हलवल्या. मी तिथंच होते.

चौसाळ्याला घरी आल्यावर पथ्य लागू झालं ते एकट्या वडिलांना. आमच्या ओट्यावर सकाळपासून माणसं असतात, निवडणूक असो नसो. अकराच्या सुमाराला तिथं फुटाण्यांची ताटली जाऊ लागली, चारला पेरूच्या फोडी. वडील आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "लई कडक पथ्य हाय आपलं." पथ्य ह्यांचं आणि पेरू चिरायचा आईनं. ती मात्र गोळी घेऊन सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तशीच थांबायची.

आमच्याकडे बाईनं जेवणाशिवाय तोंड हलवलं की ती 'चरते'. माझ्या एका चुलतीला हे नाव मरेपर्यंत चिकटलं. येताजाता शेंगा खायची, एवढाच तिचा गुन्हा. आई तिच्यावर हसणाऱ्यांतलीच होती, त्यामुळे आता स्वतः खायची तिला चोरी.

मी आईला फुटाण्यांचा वेगळा डबा आणून दिला. पुढच्या खेपेला आले तर तो निम्मा रिकामा. मला बरं वाटलं. तेवढ्यात ओट्यावर माणसं वाढली आणि आईनं त्याच डब्यातून ताटली भरली.

"त्या पाहुण्यांना साखर आहे का गं?" माझा आवाज चढला.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तुज्या वडलांचं टायमावर झालं म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिला धाड भरली. वडिलांची ताटली हातात घेऊन ती उंबऱ्यापाशी कोसळली. फुटाणे घरभर. अंग घामानं थबथबलेलं, ओठ पांढरे. जिनं ताटल्या पोचवल्या तिच्याच पोटात दाणा नव्हता. मी तिच्या गालात साखर कोंबली, थोड्या वेळानं पाणी पाजलं. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. तिचाही.

"काय पडलं गं?" ओट्यावरून वडिलांचा आवाज आला. बोलणं काही थांबलं नाही.

आई डोळे उघडून भिंतीला टेकली. मी नवी ताटली भरली, तिच्या मांडीवर ठेवली आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, खा. माझ्यासमोर खा.

तिनं दोन दाणे तोंडात टाकले. इकडंतिकडं बघत, चोरासारखे.

"झालं का न्हाई आजून?" बाहेरून वडील म्हणाले.

आईनं तोंड पुसलं आणि ताटली घेऊन भिंतीच्या आधारानं उठायला लागली.