हुकूम आणि राणी

सरकारी हुकूम वाचून दाखवायचा असला की दौलतराव आधी टोपी घालत. घामाच्या धारा लागोत, गाड्यांची रांग लागो, टोपीशिवाय त्यांच्या तोंडून सरकारचा शब्द निघायचा नाही. मंठ्यापलीकडे निजामाच्या मुलखाच्या शिवेवर आमचा नाका होता. पुढे इंग्रजांचा वऱ्हाड. ते नाकेदार, मी कारकून.

एका साली पिसाळलेल्या कुत्र्यांचा बोभाटा झाला आणि हुकूम आला: बाहेरून कुत्र्याची पिल्लं किंवा गाभण कुत्री आणायची नाही. नेमका तेव्हाच आष्टीचा बिरूबा धनगर वऱ्हाडातून मेंढरं चारून परतला. सोबत त्याची काळी कुत्री, पोट जमिनीला टेकलेली. दौलतरावांनी टोपी चढवून हुकूम वाचला.

"सरकार, ही आष्टीचीच. माझ्यासंगंच गेल्ती."

"गेल्ती एकटी. आता पोट घिऊन येऊन राह्यली. हुकूम म्हंजे हुकूम!"

"मंग मी बी हितंच बसतो. लांडग्याच्या तोंडातून मेंढरं काढली हिनं. हिला टाकून बिलकुल जायचा न्हाई."

मेंढरं भावाबरोबर पुढे गेली, बिरूबा बसून राहिला. व्याली तरी पिल्लांना बंदी होतीच. मला दौलतरावांचा मनस्वी राग आला. संध्याकाळी मात्र त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि नाक्याच्या दोन आडव्या बांबूंमधल्या अंगणात स्वतःच्या बाजेखाली पोती अंथरली.

"हे अंगण मुलखात का बाहेर, हुकमात लिवलेलं न्हाई," ते म्हणाले. "व्याऊ दे तिला."

पिल्लं मोठी कुत्री म्हणण्याजोगी होईपर्यंत बिरूबा तिथेच राहिला. जाताना त्याने एक पिल्लू पुढे केलं. "आम्ही कुत्रं इकत न्हाई, देतो."

कुणाचा पेरूही न घेणारा हा माणूस घुटमळला. मग टोपी काढून म्हणाला, "नाकेदाराला न्हाई, दौलतला दे." ती राणी.

नोकरी संपल्यावर ते राणीला घेऊन वऱ्हाडातल्या आपल्या गावी गेले. भेटायला या म्हणून मी निरोप धाडायचो. उत्तर ठरलेलं: "राणी गाभण हाय." नाहीतर, "पिल्लं ल्हान हायेत." हुकूम अजून कायम होता, आणि तिला मागे ठेवून यायचं त्यांच्या जिवावर येई.

पुढे निजामाचं राज्य गेलं, नाकाही उठला. बांबू उपटून झाले होते, मी सामान आवरत होतो. दौलतराव आले. थकलेले, सोबत म्हातारी राणी आणि तिची गाभण लेक. बांबू होता तिथेच थांबले.

"गोविंदा, येऊ का?"

"या की! आता कसला नाका?"

तरी त्यांचा पाय हलेना. त्यांनी आपली टोपी काढून माझ्यापुढे धरली. "बराबर सांग."

मी टोपी घातली. "हुकूम उठला. या, दौलतराव," म्हणालो.