बडग्याच्या अंगावरची शाल

माझ्या नवऱ्याने एकदा न केलेल्या गोष्टीसाठी मार खाल्ला, आणि 'मी ते केलं नाही' एवढं साधं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता वय झालं, राग उतरला, पण गोष्ट सुटत नाही. कोण बरोबर होतं असं कोणी विचारलं तर आजही मी सकाळी एक सांगेन आणि संध्याकाळी दुसरंच.

आमचं घर जुन्या नागपुरात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबती निघतात. मारबत म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा, आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. बडग्याच्या गळ्यात पाटी असते आणि वर्षभर ज्याच्या नावाने दातओठ खाल्ले त्याची त्या पाटीवर बिनपाण्याने हजामत केलेली असते. मंत्री असो, महागाई असो, नाहीतर नळाला न येणारं पाणी असो. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं. 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत पुतळे वस्तीबाहेर न्यायचे आणि जाळून टाकायचे. मी खाप्याची, नागपूरजवळच्या लहान गावची. आमच्याकडे हा पोरांचा खेळ होता. नागपुरात लग्न होऊन आले तेव्हा मोठमोठे बाप्ये त्यासाठी ऑफिसला दांडी मारताना पाहून मला हसूच आलं होतं.

आमच्या वस्तीचा बडग्या लहानसा, पण त्याची एक रीत होती. त्याचे कपडे विकत आणायचे नाहीत. पोरं घरोघर फिरून जुने कपडे मागत. ज्या घरात कोणी आजारी असेल त्या घराने आजाऱ्याच्या अंगावरचंच काहीतरी द्यायचं. बडग्या जळाला की त्याच्यासोबत आजारही जळाला, असा हिशेब.

हा बडग्या आमचे हे बनवत. एरवी कारकून माणूस, साहेबासमोर मान खाली. पोळा जवळ आला की अंगात यायचं. बांबूच्या कामट्या, आत भरायला कुटार म्हणजे भुसा, जुनी वर्तमानपत्रं, खळीचं पातेलं, सगळं आमच्या ओसरीत. आणीबाणीत मात्र त्यांनी लागोपाठ दोन वर्षं डासांचा बडग्या केला. "डास तक्रार करत नाही," म्हणाले. आणीबाणी उठली आणि त्यांच्या तोंडाचं कुलूपही निघालं. त्या वर्षी त्यांनी साठेबाज व्यापारी केला. मोठं पोट, गुळगुळीत डोकं, आणि पाटीवर लिहिलं, 'आम्ही उपाशी, हा तुपाशी'.

त्याच वर्षी माझे सासरे अंथरुणाला खिळले होते. छातीचं दुखणं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासण्या करून शेवटी 'घरी सांभाळा' म्हटलं, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तो कळून घ्यायचा नव्हता. आमच्या समोर एक कापडाचे दुकानदार राहत. वस्ती त्यांना काका म्हणे. देवमाणूस. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दुकान नोकरावर सोडून हजर. ते एका महाराजांचे भक्त होते. महाराज नागपुरात आले की धरमपेठेत एका बंगल्यात उतरत. काका आत्याबाईंना तिथे घेऊन गेले आणि महाराजांनी आपल्या हातांनी एक शाल दिली. भगवी, हिरव्या काठाची. तशी शाल दुसरीकडे कुठे मिळत नसे, आणि ती दिसली की भक्त मंडळी रस्त्यात थांबून हात जोडत. आत्याबाईंनी ती सासऱ्यांच्या छातीवर पांघरली. रात्रंदिवस ती शाल तिथेच असे.

पोळ्याच्या दिवशी पोरं कपडे मागायला आली तेव्हा आत्याबाईंनी ती शाल काढून दिली. मी पाहत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, प्रसादाची शाल देता?"

"मंग काय करू वं बाई? महाराजाच्या शालीनं सारं दुखनं वढून घेतलं. आता ते त्या शालीत आहे. मारबतीनं नेलं म्हंजे माहा मानूस उठून बसन."

महाराजांवरही विश्वास आणि मारबतीवरही. दोघांना त्यांनी एकाच कामाला लावलं होतं. देताना त्यांनी शाल कपाळाला लावली, आणि मला वाटतं कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी बडग्या निघाला तेव्हा ती शाल त्या ढेरपोट्या साठेबाजाच्या खांद्यावर होती. कापडांच्या ढिगातून ती कोणी उचलली, पोरांनी की ह्यांनी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी नंतर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"माहीत असतं तरी घातली असती," हे म्हणाले, "नसतं तरी घातली असती. मंग विचारते कायले?"

दुर्दैव असं की महाराजही अंगाने भरलेले होते आणि त्यांचंही डोकं गुळगुळीत. चौकात कोणीतरी ओरडलं, महाराजांचा बडग्या काढला रे! बडग्या जळायच्या आधीच भक्तांनी शाल ओढून घेतली. पुतळा मोडला. बिनशालीचा, बिनहाताचा साठेबाज कसाबसा जळाला.

दिवेलागणीला काका आमच्या दारात आले. मागे बरीच माणसं, त्यातली निम्मी वस्तीतलीही नव्हती. सासऱ्यांना तेव्हाच खोकल्याची उबळ आलेली, आत्याबाई आत त्यांना धरून बसलेल्या. काकांचे डोळे लाल.

"तुह्या बापाच्या आंगावरची शाल, महाराजाच्या हातची, अन् तू चोराले घातली?"

हे सरळ सांगू शकले असते. चूक झाली काका, पोरांनी ढिगातून काढली. काकांनी ऐकलं असतं. पण ह्यांची जीभ! म्हणाले, "मी चोर केला होता. तुमाले त्यात महाराज दिसले, तं त्याले मी काय करू? खाई त्याले खवखवे."

काकांनी त्यांच्या थोबाडीत मारली. ज्या हाताने सासऱ्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या, त्याच हाताने. मारल्यावर काका स्वतःच रडायला लागले. मागच्या पोरांनी ह्यांची सायकल नालीत फेकली, आणि एक दगड खिडकीची काच फोडून सासऱ्यांच्या खाटेजवळ येऊन पडला. 'उद्या धरमपेठेत चालाचं, महाराजांसमोर नाक घासाचं, नाही तं पाह्यजो' असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे गेले.

मी काचा गोळा करत होते. वाटलं, जाऊन काकांच्या घरावर दगड घालावा. मग त्यांचं रडणं आठवलं. ते ढोंग नव्हतं. ज्याला आपण मनापासून देव मानलं त्याची टिंगल झाली असं त्यांना वाटलं होतं. त्या डोळ्यांतल्या पाण्याचं करायचं काय? आणि ह्यांच्या सुजलेल्या गालाचं?

आत्याबाई बाहेर आल्या. ह्यांनी विचारलं, "माय, शाल तू देल्ली?"

"हो गा."

"मंग चुप राह्यजो. तुहं नाव निघाचं नाही."

मी चिडले. म्हटलं, "अहो, नाव सांगा की! त्यांनी कशासाठी दिली तेही सांगा. चुकून झालं म्हणा आणि मोकळे व्हा. घरात आजारी माणूस आहे."

"चुकून झालं म्हनलं," हे गालावर हात ठेवून म्हणाले, "तं मंग जानूनबुजून केलं असतं तं थापड बरोबर होती, असंच झालं ना? दगड बी बरोबर, सायकल बी बरोबर?"

"पण तुम्ही जाणूनबुजून केलं नाही ना?"

"ते मी कायले सांगू?"

आता सांगा, या माणसाशी बोलायचं कसं? मला त्यांचं म्हणणं कळत होतं आणि पटतही होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं, चुलीत गेलं तुमचं बरोबर नि चूक, दगड आणखी हातभर पुढे आला असता तर तो सासऱ्यांच्या डोक्यात बसला असता. शहाण्या माणसाने अशा वेळी खाली बसावं. पण दर वेळी खाली बसणाऱ्यांनीच तर डासांचे बडगे काढले होते. मी पोळीचं पीठ मळलं आणि त्यात मीठ दोनदा घातलं.

आत्याबाईंनी या कशातच भाग घेतला नाही. त्यांनी एकच विचारलं, "शाल जळली का?"

हे म्हणाले, "नाही. त्यायनं काढून नेली."

आम्ही दोघं अभिव्यक्ती, अपमान, अब्रू असलं काहीबाही घोळत होतो, आणि त्या बाईला फक्त एवढंच दिसत होतं की दुखणं वस्तीबाहेर गेलं नाही.

सकाळी काका आले. सोबत थोडी माणसं, ह्यांना न्यायला. काकांच्या हातात ती शाल. धुतलेली, इस्त्री केलेली, पिवळ्या कापडात गुंडाळलेली. हे सदरा घालून दारात उभे होते, जाणार की भांडणार ते मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आत्याबाई त्यांना बाजूला सारून पुढे झाल्या.

"भाऊ, शाल म्या देल्ली. त्याच्या बापाचं दुखनं जावं म्हून देल्ली."

काका वाकून त्यांच्या पाया पडले. "माय, तुमी कालच सांगतलं असतं तं! तुमच्या मनात पाप नाही, मले मालूम नाही काय?" मागच्या माणसांनीही हात जोडले. झालं. मिटलं. तीच शाल, तोच पुतळा, तीच पाटी, पण आता कोणाच्या भावना दुखत नव्हत्या. एका माणसाने तर नालीतून सायकल काढून भिंतीला टेकवून ठेवली.

हे तसेच उभे होते. म्हणाले, "काका, मंग मले कायले मारलं?"

काकांनी खाली मान घातली. म्हणाले, "तू केलं असतं म्हून."

आणि ते खरंच होतं. सुचलं असतं तर ह्यांनी केलं असतं, आणि पाटी याहून जहाल लिहिली असती.

काकांनी शाल पुढे केली. आत्याबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. प्रसाद आहे, नाही म्हणता येत नाही. काका समाधानाने गेले, त्यांनी महाराजांचा मान वाचवला होता. आत्याबाई मात्र उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. शाल घेऊन आत यायला त्यांचा पाय उचलेना. शेवटी त्यांनी ती ओसरीतल्या खुंटीला अडकवली. पण समोरून काकांना दिसेल, प्रसाद बाहेर लटकवला म्हणून ते पुन्हा दुखावतील, म्हणून संध्याकाळी ती आतल्या ट्रंकेत गेली. ज्या घरातून दुखणं घालवायला दिली होती त्याच घरात ती परत आली.

थंडी पडता पडता सासरे गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, शालीचा त्यात काही संबंध नाही, हे मला कळतं. तिरडीला पहिला खांदा काकांचा होता. खिडकीची काचही त्यांनीच बसवून दिली होती. थापडेबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि ह्यांनीही कधी विचारलं नाही. दोघं ओसरीत बसून चहा पीत. मी चहा देताना मनात म्हणायची, असे कसे तुम्ही पुरुष! आत्याबाईंनी कोणाला दोष दिला नाही, ना महाराजांना, ना काकांना, ना मुलाला. नुसत्या बोलायच्या कमी झाल्या.

पुढच्या पोळ्याला ह्यांनी बडग्या केला नाही. वस्तीतल्या पोरांनी केला. घरोघर कपडे मागितले नाहीत, उगाच कोणाच्या घरातून काय निघायचं! काकांच्याच दुकानातून कोरं कापड आणलं. पाटीवर 'रोगराई' एवढंच लिहिलं. कोणाचं काही दुखण्यासारखं त्यात नव्हतं. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा आत्याबाई खांबाला धरून उभ्या होत्या.

"कोरा कपडा हाय वं," त्या म्हणाल्या. "याच्या आंगावर कोनाचंच काही नाही. हा काय घेऊन जाईन?"

आता आत्याबाई नाहीत, काकाही नाहीत. त्यांच्या मुलांनी दुकान विकलं आणि ते लांब राहायला गेले. परवा ट्रंक आवरताना शाल निघाली. काठ अजून हिरवा आहे. मी ह्यांना म्हटलं, मारबत जवळ आली आहे, देऊन टाकू, निदान आता तरी जळू दे. आत्याबाईंची तेवढीच इच्छा होती. हे बराच वेळ शाल मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनी ती काकांनी केली होती तशीच, घडीवर घडी ठेवून, पिवळ्या कापडात गुंडाळली.

"राहू दे," म्हणाले. "काकाले वाईट वाटन."

ज्या माणसाने थापड खाऊन 'चुकलं' म्हटलं नाही, तो हे म्हणत होता, तेही मेलेल्या माणसाच्या मनाची काळजी करत. ही त्या थापडेची भीती अजून उरली होती, की माया होती, मला कळेना. विचारायला तोंड उघडलं, पण त्यांचा हात नकळत गालावर गेलेला पाहिला आणि मी ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.